‘ऊन पाणी जिथे थांबतं’ म्हणजे नेमकं कुठे?

दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या गणपतीत मुलांसाठी ट्रेझर हंट ठेवला होता. चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. शेवटची चिठ्ठी मी फार हौसेने लिहिली: ‘बारा घरांचा वाडा, दोन पहारेकरी, तिसरा पळत सुटलेला.’ उत्तर घड्याळ. बारा आकडे, दोन काटे आणि धावणारा सेकंदकाटा. क्लब हाउसच्या भिंतीवर घड्याळ आहे, त्याच्या खालच्या कपाटात चॉकलेटचा डबा ठेवला आणि मी खुर्ची टाकून बसलो.

दहा मिनिटं झाली, कोणी फिरकेना. शोधत गेलो तर सगळी पोरं गेटपाशी. वॉचमनच्या केबिनमागच्या कुंड्या उपसून मातीचा ढीग घातलेला. सहावीतल्या एका मुलीने मला शांतपणे समजावलं, “काका, आपल्या विंगमध्ये बारा फ्लॅट आहेत. वॉचमन दोन. आणि तिसरा गेल्या महिन्यात ॲडव्हान्स घेऊन पळाला ना!”

यावर मी काय बोलणार? तिच्या उत्तरात एकही शब्द वाया गेला नव्हता. खरं तर घड्याळाला ‘वाडा’ म्हणणं हीच माझी ओढाताण होती, तिच्याकडे वाडा वाड्यासारखा बसला होता. फक्त डबा तिथे नव्हता.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्समधलं ‘सोनेरी घुबड’, म्हणजे पुस्तकातल्या कोड्यांवरून शोधायची एक पुरलेली मूर्ती, ३१ वर्षांनी सापडल्याची बातमी आली. पुढच्या वर्षी नेटफ्लिक्सवर फॉरेस्ट फेन या अमेरिकन माणसाने लपवलेल्या खजिन्यावर माहितीपट-मालिका आली. ती बघून ओळखीतल्या दोघा-तिघांनी मला एकच प्रश्न विचारला: त्या खजिन्याचा पत्ता सांगणारी कविता अवघी चोवीस ओळींची, शब्द शाळकरी पोराला कळतील असे, मग लाखो माणसं दहा वर्षं भलत्याच दऱ्यांत कशी उतरत राहिली? मला प्रत्येक वेळी त्या कुंड्या आठवतात.

आधी फेनची पेटी

फॉरेस्ट फेन अमेरिकेच्या हवाई दलात वैमानिक होता, व्हिएतनामच्या युद्धात लढला होता. पुढे न्यू मेक्सिको राज्यातल्या सांता फे शहरात त्याने कलावस्तूंची गॅलरी काढली आणि चांगला पैसा केला. १९८८ मध्ये त्याला मूत्रपिंडाचा कर्करोग निघाला. डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नाही, तेव्हा त्याने मनाशी ठरवलं की एक पेटी सोन्यानाण्याने भरायची, आपल्या सगळ्यात आवडत्या जागी न्यायची आणि तिच्या शेजारीच देह ठेवायचा. पुढे तो बरा झाला. पेटी मात्र डोक्यातून गेली नाही. ऐंशीच्या घरात पोचल्यावर त्याने ती रॉकी पर्वतात नेऊन लपवलीच, आणि २०१० साली स्वतः छापलेल्या आठवणींच्या पुस्तकात एक कविता घातली. कवितेत नऊ खुणा आहेत, त्या क्रमाने लावत या, पेटी तुमची.

पेटी कांस्याची, दहा इंच लांब, दहा इंच रुंद, पाच इंच उंच. आपल्या पितळी पानदानाहून थोडी मोठी म्हणा. आत सोन्याची नाणी, सोन्याचे गोटे, माणकं, पाचू, हिरे. सगळ्याचं मिळून वजन ४२ पौंड, म्हणजे साधारण १९ किलो. म्हाताऱ्याने ती गाडीपासून दोन खेपांत वाहून नेली, एका दुपारात. कविता सोडून त्याने जे थोडंफार सांगितलं ते असं: सांता फेच्या उत्तरेला किमान सव्वाआठ मैल, समुद्रसपाटीपासून ५,००० फुटांच्या वर आणि १०,२०० फुटांच्या खाली. न्यू मेक्सिको, कोलोराडो, वायोमिंग, माँटाना, चार राज्यांतले डोंगर. फेनच्या स्वतःच्या अंदाजाने साडेतीन लाख लोक तरी शोधायला निघाले होते.

किल्ली कागदावर नसते

कोडं म्हटलं की आपण त्यातल्या शब्दांकडे बघत बसतो. पण प्रत्येक कोड्याला एक किल्ली असते, म्हणजे शब्दाचा कुठला अर्थ धरायचा हे सांगणारा नियम, आणि ती बहुतेक वेळा कागदाच्या बाहेर असते.

घरगुती उदाहरण घेऊ. मी तुम्हाला चिठ्ठी पाठवली: ‘६, १’. काही बोध होतो का? जूनची पहिली तारीख? सहावा मजला, पहिलं दार? आता किल्ली देतो. माझ्या घरात रोज म्हटलं जाणारं वाक्य आहे, ‘साखर कमी टाक, पण चहा मात्र गरम दे.’ सहावा शब्द ‘मात्र’, त्याचं पहिलं अक्षर ‘मा’. पहिला शब्द ‘साखर’, त्याचं ‘सा’. झाला मासा. किल्ली हातात असली की पाच सेकंदांचं काम. नसली तर जन्म गेला तरी ‘६, १’ तसंच राहणार.

हीच पद्धत अमेरिकेतल्या एका जुन्या खजिन्याच्या गोष्टीत आहे. १८८५ मध्ये व्हर्जिनियात एक पुस्तिका निघाली. बील नावाच्या माणसाने सोनंचांदी पुरलं आणि नुसत्या आकड्यांचे तीन कागद मागे ठेवले, असं तीत म्हटलं होतं. दुसरा कागद सुटला तो अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याने. जाहीरनाम्यातल्या शब्दांना क्रमांक द्यायचे आणि आकड्यागणिक त्या शब्दाचं पहिलं अक्षर घ्यायचं. ११५, ७३, २४, ८०७, ३७ हे पहिले पाच आकडे. त्यांतून इंग्रजीत ‘आय हॅव’ निघतं, आणि पुढे बेडफर्ड परगण्यात काय काय पुरलंय त्याची अख्खी यादी. उरलेल्या दोन कागदांची किल्ली कोणाला सापडली नाही. त्यांतला पहिला कागद जागा सांगणारा, हेही ओघाने आलंच!

आकड्यांच्या कोड्यात किल्ली चुकली तर निदान कळतं, कारण बाहेर नुसती अक्षरांची खिचडी येते. फेनसारख्या कवितेत तशी सोय नाही. तिथे चुकीची किल्लीसुद्धा दार उघडते, आणि आत एखादी खोलीही असते.

ऊन पाणी

फेनच्या कवितेतली पहिली खरी खूण अशी: ऊन पाणी जिथे थांबतं तिथून सुरुवात कर. मग दरीने खाली जा, फार लांब नाही पण चालत जाण्याइतकं जवळही नाही. पुढे ब्राऊनच्या घराखाली उतर.

ही खूण कोकणात दिली आहे असं समजा. ऊन पाणी म्हणजे उन्हाळे, गरम पाण्याचे झरे. राजापूरचं उन्हाळे, दापोलीकडचं उन्हवरे, पालीजवळचं उन्हेरे, इकडे वज्रेश्वरी-गणेशपुरी. चार नावं तर मी बसल्या जागी दिली. ‘थांबतं’ म्हणजे झरा संपतो तिथे, की कुंडात पाणी अडवलंय तिथे, की गार नदीला मिळतं तिथे? आणि ब्राऊनचं घर म्हणजे आपल्याकडचा ‘पाटलाचा वाडा’. ज्या गावात तो नाही असं गाव मला दाखवा.

रॉकी पर्वतात तेच झालं, मोठ्या प्रमाणावर. कोणी म्हणालं, गरम झऱ्याचं पाणी गार नदीत मिसळतं ती जागा. कोणी म्हणालं, धरण. न्यू मेक्सिकोतल्या मासेमारांनी सांगितलं, हा तर मत्स्यविभागाचा शब्द आहे, कोमट पाण्यातले मासे संपून थंड पाण्यातला ट्राउट सुरू होतो ती हद्द. एका गटाने तर ऊन पाणी म्हणजे डोळ्यांतले अश्रू असा अर्थ लावला. ब्राऊनचीही तीच तऱ्हा. ब्राउन ट्राउट मासा, तपकिरी अस्वल, ब्राऊन आडनावाचा कोणी जुना रहिवासी, झालंच तर टायटॅनिकमधून वाचलेल्या मॉली ब्राऊनबाईंचं डेन्व्हरमधलं घर.

या पहिल्या खुणेला मी खुंटा म्हणतो. गुरं चरायला सोडताना दाव्याचं एक टोक खुंट्याला बांधतात, मग जनावर कुठवर जाईल ते ठरलेलं असतं. खुंटाच चुकीच्या शेतात ठोकला तर पुढचं सगळं चरणं त्या चुकीच्या शेतात होतं. फेन स्वतःही मुलाखतींत बजावून सांगायचा की ऊन पाणी कुठे थांबतं ते कळलं नसेल तर घराबाहेर पडूच नका. लोक बरोबर उलटं करत. आधी एखादी सुंदर दरी डोक्यात बसायची, मग तिच्या वरच्या अंगाला ऊन पाणी शोधलं जायचं, आणि ते सापडायचंच.

‘पण नऊच्या नऊ खुणा जुळतायत, मग चूक कशी असेल?’

हा सगळ्यात नेहमीचा प्रश्न, आणि वरवर बिनतोडही वाटतो. एक खूण योगायोगाने जुळेल, दोन जुळतील, नऊ कशा जुळतील?

थोडा हिशोब करू. प्रत्येक खुणेचे चारच अर्थ धरू, वर आपण त्याहून जास्त पाहिले. नऊ खुणा, प्रत्येकी चार अर्थ, म्हणजे चाराला चाराने नऊ वेळा गुणायचं: २,६२,१४४ प्रकारे कविता वाचता येते. त्यावर चार राज्यांतले डोंगर, हजारो ओढे, हजारो घळी. एवढ्या पसाऱ्यात नऊच्या नऊ खुणा जुळणारी एकही जागा सापडली नसती तर ते नवल होतं. साडेतीन लाख माणसं शोधत असताना शेकडो जणांच्या हाती असं ‘पूर्ण जुळलेलं’ उत्तर येणं हा नुसता गुणाकार आहे, त्यात दैवी संकेत वगैरे काही नाही.

शिवाय जुळवणारे आपणच असतो. एकदा उत्तर आवडलं की त्याच्या बाजूचं तेवढं दिसतं, विरुद्ध बाजूचं नजरेआड होतं. याला इंग्रजीत लांबलचक नाव आहे, आपण त्याला चकवा म्हणू. रानात चकवा लागलेला माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे त्याच बांधावर येतो, पण चालताना त्याला आपण सरळच निघालोय याची खात्री असते. दरीत एखादी खूण नाही सापडली तर फेनचा शोधकरी दरी सोडत नसे, खुणेचा अर्थ बदलत असे. ‘घर’ म्हणजे घरच कशाला, गुहाही असेल. गुहाच कशाला, खडकाची सावलीही चालेल. असा एकेक शब्द सैल करत गेलं की कुठलीही कविता कुठल्याही डोंगराला बसते.

या चकव्याची किंमत काहींनी जिवाने मोजली. या शोधात किमान पाच जण मेले, तिघे नद्यांत, एक डोंगरउतारावरून पडून. २०१७ मध्ये न्यू मेक्सिकोच्या पोलीसप्रमुखांनी फेनला हा प्रकार थांबवायची विनंती केली. फेनने शोध बंद केला नाही, पण खुलासा केला: पेटी पाण्याखाली नाही, रिओ ग्रांदे नदीजवळ नाही, मोठे दगड हलवायची किंवा कडे चढायची गरज नाही. ऐंशीच्या घरातला माणूस जाणार नाही तिथे जाऊ नका, हेही तो आधीपासून सांगत होता. माझ्या मते कवितेतल्या सगळ्या शब्दांपेक्षा हे एक वाक्य जास्त कामाचं होतं. १९ किलोचं ओझं दोन खेपांत नेणारा म्हातारा. बहुतेक ‘पूर्ण जुळलेली’ उत्तरं या एका चाळणीत गळून पडली असती. पण रसिकतेने कविता वाचणाऱ्याला असली रोकडी माहिती बेचव लागते.

एकाने तर येलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या जुन्या दफनभूमीत खणायला घेतलं. त्याला सहा महिन्यांची कैद झाली. फेनने पेटी ‘लपवली’ म्हटलं होतं, ‘पुरली’ असं तो कधीच म्हणाला नव्हता.

उत्तर स्वतःहून साक्ष देतं का?

जुळण्यावर भरवसा ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा? पडताळ्यावर. उत्तर काढून झाल्यावर, आपण न मागता, त्याने आणखी काहीतरी सांगितलं पाहिजे. गुणाकार केल्यावर भागून बघतो, तसं.

याचा मला माहीत असलेला सगळ्यात देखणा नमुना इंग्लंडमधला आहे. किट विल्यम्स नावाच्या चित्रकाराने १९७९ मध्ये सोन्याचा एक ससा घडवला, ऑगस्टमध्ये तो जमिनीत पुरला आणि चित्रांचं पुस्तक काढलं. जागा त्या चित्रांत दडलेली. पंधरा चित्रं, प्रत्येकाच्या चौकटीवर अक्षरं. लोकांनी चित्रांतल्या फुलापानांचे, गणिती चौकटींचे, पुराणकथांचे अर्थ लावले, इंग्लंडभर बागा खणल्या. खरा नियम अगदी बाळबोध होता: चित्रातल्या माणसाच्या नि प्राण्याच्या डोळ्यातून त्याच्या हातापायाच्या सगळ्यात लांब बोटावरून रेघ ओढायची, ती चौकटीवर ज्या अक्षराला लागेल ते घ्यायचं. प्रत्येक चित्रातून असा एखाददुसरा शब्द निघतो. सगळे शब्द ओळीने लावले की अर्थ लागतो: कॅथरिनचं लांब बोट, सावली, पुरलेला पिवळा ताईत, भर दुपार, दिवस-रात्र समान असण्याचा दिवस. पण कुठली कॅथरिन?

आणि इथे उत्तर साक्ष देतं. पंधरा चित्रांपैकी प्रत्येकातून निघालेल्या मजकुराचं फक्त पहिलं अक्षर घ्या, ‘क्लोज बाय अँप्टहिल’ तयार होतं, म्हणजे अँप्टहिलजवळ. अँप्टहिल हे बेडफर्डशरमधलं गाव. तिथल्या बागेत राणी कॅथरिन ऑफ ॲरागॉनच्या स्मरणार्थ उभारलेला क्रूस आहे. विषुवदिनाला दुपारी बारा वाजता त्या क्रूसाच्या सावलीचं टोक जिथे पडतं तिथे ससा. पंधरा अक्षरं योगायोगाने गावाचं नाव सांगत बसत नाहीत. एवढं हाती आल्यावर माणसाने निर्धास्त कुदळ घ्यावी.

घेतलीही. भौतिकशास्त्राच्या दोन शिक्षकांनी कोडं रीतसर सोडवलं, १९८२ मध्ये अँप्टहिलला जाऊन बरोबर जागी खणलं, आणि ससा त्यांना दिसलाच नाही. मेटल डिटेक्टरला सापडू नये म्हणून विल्यम्सने तो भाजलेल्या मातीच्या डब्यात घातला होता. मातीचा डबा, मातीच्या ढिगात. त्यानंतर थोड्याच दिवसांत दुसरा एक जण तिथे येऊन ससा घेऊन गेला. त्याने कोडं सोडवलंच नव्हतं. विल्यम्सच्या जुन्या मैत्रिणीमार्फत त्याला गावाचा सुगावा लागला होता, हे ‘संडे टाइम्स’ने १९८८ मध्ये उघडकीला आणलं. त्या दोघा शिक्षकांनी आपण उपसलेल्या मातीकडे पुन्हा एकदा वळून बघितलं असतं तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

फेनच्या कवितेत असा पडताळा नव्हता, निदान जगासमोर आलेला नाही. पेटी दिसली तर बरोबर, नाही दिसली तर माहीत नाही. काही जण पेटीपासून २०० फुटांवर येऊन गेले, असं फेन सांगायचा. ते आले आणि गेले, कारण आपण बरोबर आहोत हे त्यांना सांगणारं तिथे काही नव्हतं.

मग ती सापडली कशी?

जून २०२० मध्ये पेटी सापडल्याचं फेनने जाहीर केलं, पुढे जागा वायोमिंग राज्यात असल्याचं सांगितलं, आणि त्याच सप्टेंबरमध्ये तो ९० व्या वर्षी वारला. शोधणारा जॅक स्टूफ, मिशिगनचा, ३२ वर्षांचा, वैद्यकीय शिक्षण घेणारा. कोर्टकज्जांमुळे डिसेंबरमध्ये त्याला आपलं नाव सांगावं लागलं.

त्याने सांगितलेली पद्धत ऐकून अनेकांचा हिरमोड झाला. गुप्त लिपी नाही, नकाशावर रेघा नाहीत. त्याने फेनचं लिखाण आणि मुलाखती पुन्हा पुन्हा वाचल्या-ऐकल्या आणि स्वतःला वेगळाच प्रश्न विचारला: या माणसाला कुठे मरायचं होतं? पेटी तिथेच असणार. त्याच्या सांगण्याप्रमाणे हा भाग त्याने २०१८ मध्येच ओळखला होता. तरी प्रत्यक्ष पेटी हाताला लागेपर्यंत त्याने एकूण २५ दिवस तिथे शोध घेतला. जागा सांगायला त्याने नकार दिला. पेटीतल्या बहुतेक वस्तू २०२२ च्या लिलावात सुमारे १३ लाख डॉलरना गेल्या.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाने ‘ते मी ठेवलंय, तिकडे, त्याच्या मागे’ असं म्हटलं की बाहेरच्याला काही कळत नाही, पण नात बरोबर देवघरातल्या फोटोमागून किल्ल्या काढून आणते. ‘तिकडे’ या शब्दाचा अभ्यास तिने केलेला नसतो, आजीचा केलेला असतो. स्टूफने नातीचं काम केलं. बाकीचे ‘तिकडे’चे समानार्थी शब्द शोधत होते.

‘एआयला विचारलं तर एका मिनिटात सुटेल ना?’

पडताळा असलेली कोडी संगणकाच्या आवडीची. लाखो किल्ल्या लावून बघायच्या, खिचडी आली की पुढची, वाक्य आलं की थांबायचं. पडताळा नसलेल्या कवितेला तो तुमच्यासारखाच चकव्यात सापडतो, आणि सापडल्याचं त्याला वाईटही वाटत नाही. तुम्ही मनात धरलेली दरी सांगा, तो नऊ खुणा गोड भाषेत जुळवून देईल. दुसरी दरी सांगा, तिलाही जुळवून देईल. मी आमच्या बारा घरांच्या वाड्याचं कोडं एका चॅटबॉटला घातलं. त्याने घड्याळ सांगितलं. मग वॉचमनची हकीकत सांगितली, तर म्हणाला, तुमचं बरोबर आहे, उत्तर केबिनच असणार.

‘कशावरून मुळात काही पुरलेलंच होतं?’

हा प्रश्न आधी विचारायचा असतो, पण खणून दमल्यावर सुचतो. बीलच्या दुसऱ्या कागदाचा अर्थ निर्विवाद लागला, म्हणून बीलने सोनं पुरलं हे सिद्ध होत नाही. अर्थ बरोबर लावणं वेगळं आणि लिहिणारा खरं बोलतोय हे वेगळं. १९८० मध्ये जिम गिलोग्ली या संकेतलिपीच्या अभ्यासकाने न सुटलेल्या पहिल्या कागदाला तोच जाहीरनामा लावून पाहिला. बाहेर खिचडीच आली, पण खिचडीच्या मधोमध इंग्रजी मुळाक्षरं जवळपास ए, बी, सी, डीच्या क्रमाने ओळीत उभी. खरा मजकूर दडवलेल्या कागदात असं होण्याचं कारण नाही. कोणीतरी जाहीरनामा समोर ठेवून कंटाळत कंटाळत आकडे भरत होतं, असाच त्याचा सरळ अर्थ. तरीही व्हर्जिनियात लोक खणायचे थांबलेले नाहीत.

खजिना खरा असला तरी खुणा कायम राहतात असं नाही. अमेरिकेतच बायरन प्रीस या लेखक-प्रकाशकाने १९८२ मध्ये पद्यं आणि चित्रं छापून बारा शहरी बागांत बारा पेट्या पुरल्या. तीन सापडल्या: १९८३ मध्ये शिकागोत, २००४ मध्ये क्लीव्हलंडमध्ये, २०१९ मध्ये बोस्टनमध्ये. प्रीस २००५ मध्ये अपघातात गेला. झाडं तुटली, कुंपणं बदलली, बागांचं नूतनीकरण झालं. पद्यात लिहिलेलं झाडच उरलं नसेल तर बरोबर अर्थ लावणाराही रिकाम्या हाती परततो.

आपल्याकडची कुदळ

आपल्याकडे खजिन्याची पुस्तकं निघत नाहीत, पण अर्थ लावण्याची हौस कमी नाही. गावाच्या वेशीवर, शेताच्या बांधावर एक दगड दिसतो: वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, खाली गाढव आणि स्त्रीचं ओंगळ चित्र. हा गधेगाळ. आमच्या आजोळी असा एक आहे. लहानपणी तिथे ऐकलेला अर्थ असा की चंद्र-सूर्य म्हणजे ग्रहणाच्या दिवशी खणायचं आणि गाढवाच्या तोंडाच्या दिशेने सात पावलं मोजायची.

पडताळा करून बघा. एकच चित्र कोकणापासून देशापर्यंत कितीतरी दगडांवर आहे. वेगवेगळ्या राजवटींच्या लोकांनी आपापला खजिना एकाच खुणेने दाखवला असेल का? किल्ली साधी आहे आणि अभ्यासकांना ती ठाऊक आहे. हे दगड म्हणजे दानपत्रं. अमुक जमीन अमुक देवाला किंवा माणसाला दिली, ती चंद्र-सूर्य असेतोवर त्याची. जो हे दान मोडेल त्याला खालच्या चित्रातली शिवी. दगड जमिनीखाली काही आहे म्हणून उभा नाही, जमीन कोणाची ते सांगायला उभा आहे. एका परीने सातबाराच म्हणा, शिवीसकट. तो सातबारा सोन्यासाठी उपटून फोडला की गावाच्या इतिहासाचं एक पान गेलं.

इथे कायदाही आहे. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं १० रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. आणि गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार करणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. कुदळीच्या आधी मांत्रिक आला तर पोलिसांना फोन करायचा, चिठ्ठीचा अर्थ लावत बसायचं नाही.

यंदाच्या गणपतीत चिठ्ठ्या पुन्हा माझ्याकडेच आल्या. या वेळी छापायच्या आधी प्रत्येक चिठ्ठी तिघांना वेगवेगळी वाचायला दिली, आणि तिघं एकाच जागी जाऊन उभे राहिले नाहीत ती फाडली. प्रत्येक जागी एक अक्षरही चिकटवलं होतं, सगळी मिळून ‘कपाट’ होईल असं. त्या सहावीतल्या, आता आठवीतल्या मुलीने दुसऱ्या अक्षराला ओळखलं आणि उरलेल्या जागा सोडून थेट क्लब हाउस गाठलं. पळालेला वॉचमन दिवाळीत परत कामावर आलाय. म्हणजे ते जुनं कोडं आता फक्त घड्याळालाच लागू पडतं.